साहेबांचे पाटे

पूर्णेतल्या माझ्या गॅरेजात ते आठवड्यातून दोनदा येतात. रिटायर झालेत, पण 'साहेब' म्हटल्याशिवाय वळून बघत नाहीत. त्यांनी फोर-व्हील ड्राइव्हची जीप घेतली आणि तिच्यामागं ओढायला झोपायच्या खोलीची गाडी. ते तिला कॅराव्हॅन म्हणतात, गल्ली तिला डबा म्हणते.

डबा जोडला की जीपचं बूड बसायचं. साहेब उकिडवे बसून चाकावरचं अंतर टेपनं मोजायचे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओतला कुणी गोरा मला दाखवायचे. "टेक्निकली, सस्पेन्शन बदलावं लागेल." त्यांना चहासुद्धा टेक्निकलीच कमी साखरेचा लागतो.

मी डबा उघडून पाहिला. पाण्याची टाकी, सिलेंडर, भांडी, सगळं पुढच्या तोंडाशी. म्हटलं, "साहेब, टाकी मागं डब्याच्या चाकांवर सरकवा. जीप उचलती. दुसरं काईच करायचं काम न्हाई."

साहेबांचं तोंड उतरलं. नुसती टाकी सरकवली, हे चारचौघांत काय सांगणार? त्यांनी जीपच्या मागच्या स्प्रिंगांत दोन्हीकडं दोन-दोन जादा लोखंडी पाटे घालायला लावले. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मीही घातले. जीप ऐटीत उभी राहिली आणि बारक्या खड्ड्यातसुद्धा दाणकन आदळू लागली.

परवा साहेब डबा घेऊन सहलीला निघाले. त्यांच्या बाईसाहेब मात्र पिशवी घेऊन एस्टी स्टँडवर उभ्या दिसल्या.

"बाई, तुमी एस्टीनं?"

"आठ दिवस जीपमधी फिरले अन् कंबर गेली. डॉक्टरनं धक्के बंद सांगितलेत, म्हणून एस्टीनं जायलेय," त्या म्हणाल्या. "पाटे तुमीच बसवलेत ना?"