कशीदा कुणाची

मैत्रेयीने मोबाइलवर जाहिरात दाखवली तेव्हा प्रतिमा शेवडे मेथी निवडत होत्या. 'कशीदा' आता पडद्यावर येणार होती, आणि त्याआधी तिच्या जुन्या चित्रकथांचा जाडजूड संग्रह निघणार होता. खाली लिहिलं होतं : 'कशीदा'चे जनक, स्वर्गीय ब्रिजमोहन रस्तोगी.

"मम्मी, इसमें आपका नाम कहाँ है?" मैत्रेयीने विचारलं. लखनौत जन्मलेल्या या लेकीला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतूनच येई.

"नाव होतंच कधी?" म्हणत प्रतिमांनी जुडी बाजूला सारली.

नवऱ्याची, सतीशची, बँकेतली बदली लखनौला झाली, तेव्हा साताऱ्याहून चित्रकलेची पदविका घेतलेल्या प्रतिमा निशातगंजातल्या दोन खोल्यांत येऊन पडल्या. एक्क्याण्णव साली रस्तोगींच्या 'शिखर चित्रकथा'चं काम मिळालं. रस्तोगींना मुखवटा घातलेला पहिलवान हवा होता. प्रतिमांनी त्यांच्यापुढे ठेवली कशीदा, लखनौच्या चौक बाजारात चिकनचं भरतकाम करणारी बाई. तिच्या सुईतला दोरा चोराला भिंतीलाच शिवून टाकी.

"औरत? कौन पढ़ेगा?" रस्तोगी हसले होते. तीन अंक हातोहात खपल्यावर ते हसायचे थांबले.

पुढे छत्तीस अंक निघाले. मुखपृष्ठावर 'संकल्पना : ब्रिजमोहन रस्तोगी', आत बारीक अक्षरांत 'चित्रांकन : शिखर स्टुडिओ'. स्टुडिओ म्हणजे प्रतिमा आणि स्वयंपाकघरातलं मोडकं टेबल. एकदा त्यांनी नावाचा विषय काढला, तर रस्तोगी म्हणाले, "भाभीजी, घर की बात है." आणि एका छापील कागदावर सही घेतली. प्रतिमांनी ती केली. रस्तोगींइतकाच स्वतःचाही राग त्यांना त्या सहीपायी येई.

संग्रहाच्या प्रकाशनाला त्या आताच्या जानकीपुरमच्या घरून एकट्याच गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर रस्तोगींचा मुलगा अद्वैत वडिलांच्या प्रतिभेबद्दल बोलत होता. अवनी नावाच्या तरुण पत्रकार मुलीने हिंदीत विचारलं, "कशीदाच्या मांजरीचं नाव मनी का?"

अद्वैत हसला. "मनी, यानी पैसा. बिल्ली लालची है न? पापा का सेंस ऑफ ह्यूमर था."

सभागृहात हशा पिकला. प्रतिमा ताडकन उठल्या.

"मनी म्हणजे मांजर," तोंडून आधी मराठीच निघालं. मग त्या हिंदीत म्हणाल्या, "हमारे यहाँ घर-घर में बिल्ली को मनी बुलाते हैं. तुम्हारे पापा को मराठी का एक अक्षर नहीं आता था. और कशीदा साड़ी में काछ लगाती है. चौक में किस औरत को वैसे देखा है? वो मेरी सातारा वाली मौसी की साड़ी है."

हशा विरला. अद्वैतने आवाज मऊ केला. "आंटी, आप बैठिए. कोई इन्हें पानी दीजिए."

"पानी नहीं चाहिए. तुम्हारे पीछे बोर्ड है. तुम बनाओ कशीदा, फिर मैं बनाती हूँ."

अद्वैत फळ्याकडे वळला नाही. निवेदकाने घाईघाईने आभार मानले आणि माइक बंद झाला.

बाहेर अवनीने वही पुढे केली. प्रतिमांनी भिंतीला टेकवून मिनिटभरात कशीदा काढली. नजर, निऱ्या, कासोटा, सुई धरलेली बोटं, काहीच आठवावं लागलं नाही. अवनीने ते सगळं मोबाइलवर टिपलं.

तो व्हिडिओ फिरला आणि आठवड्याने 'शिखर'चं पत्र आलं. पुढच्या आवृत्तीत शेवटच्या पानावर 'विशेष आभार'मध्ये त्यांचं नाव येईल, मात्र यापुढे कसलाही दावा करणार नाही असं त्यांनी लिहून द्यावं.

"कर सही आणि मोकळी हो," सतीश म्हणाला. "या वयात कोर्टकचेरी कशाला?"

"त्या वेळीही तू हेच म्हणाला होतास. सही कर, कामाशी काम ठेव. छत्तीस अंक मी जेवणाचे डबे भरता भरता काढले, सतीश. शेवटच्या पानावर आभार मानून घ्यायला मी काय त्यांच्या लग्नाचा मांडव घातला होता?"

दुसऱ्या दिवशी वकील देविका श्रीवास्तवांकडे जाताना गाडी सतीशनेच काढली.

देविकांनी कागद वाचला. "छापायचे हक्क तुम्ही देऊन बसलात," त्या हिंदीत म्हणाल्या. "पण ही माझी निर्मिती आहे असं सांगण्याचा हक्क कायद्याने तुमच्याकडेच राहतो. तो त्या सहीने गेलेला नाही. फक्त वेळ लागेल."

वेळ लागतोच आहे. दावा दाखल झाला, तीन तारखा पडल्या. पहिल्या तारखेला समोरचा वकील म्हणाला, या बाई पगारी हात होत्या, डोकं रस्तोगीसाहेबांचं. प्रतिमांनी पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं की शिवण उसवली. तिसऱ्या तारखेनंतर सिनेमावाले बिचकले आणि नव्या पोस्टरवरून जनकाची ओळच काढून टाकली.

"निदान त्याचं नाव तरी गेलं," सतीश म्हणाला.

"गेलं," प्रतिमा म्हणाल्या. "पण माझं कुठं आलंय?" आणि त्यांनी चौथ्या तारखेचा कागद फाइलला लावला.