थंड खोलीच्या आक्का

आक्कांच्या खोलीत सरळ छातीनं कुणालाच जाता आलं नाही. त्या दार हातभर उघडायच्या आणि आत येणाऱ्यानं पोट ओढून, तिरकं होऊन घुसायचं. तो घुसला रे घुसला की पाठीमागं दार धाडकन लागायचं. "भाईरची हवा काय नात्यातली हाय व्हय तुमच्या, संगट घेऊन येताय ती?" आमचे मालक आबासाहेब अंगानं चांगले भारदस्त. तेही तसेच तिरके होऊन जात. एकदा त्यांच्या शर्टाचं बटण कडीत अडकलं. आक्कांनी ते हळूच सोडवून दिलं, पण दार काही आणखी उघडलं नाही.

पेठ वडगावच्या रस्त्याला आमचा पशुखाद्याचा कारखाना. मका, कोंडा, सरकी पेंड यांचे ढीग मोठ्या गोदामात असत आणि त्यात चिमटीनं मिसळायच्या जीवनसत्त्वांच्या भुकट्या एका वेगळ्या, एसी लावलेल्या खोलीत. या खोलीच्या प्रमुख म्हणजे सरोज मगदूम. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या, राधानगरीकडच्या म्हशीवाल्या घरातल्या, आवाज असा की यंत्र चालू असतानाही फाटकापर्यंत पोचायचा. सगळा कारखाना त्यांना आक्का म्हणे. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल बोलताना "मी येतो, मी जातो" असंच म्हणत.

मी प्रयोगशाळेत नवीन लागलो तेव्हा पावसाळा होता. नमुना आणायला त्यांच्या खोलीवर गेलो, तर दारातच अडवलं.

"हात दाखवा."

मी शाळेतल्यासारखे पंजे पुढं केले.

"वल्लं हायत. ह्यातली एक भुकटी हवेतलंबी पाणी पिती आन् दगडावानी हुती. तुमी गेल्यावर मी काय हातोडा घिऊन बसतो व्हय?" असं म्हणत त्यांनी स्वतःचा नॅपकिन माझ्या अंगावर टाकला. हात कोरडे झाल्यावर मात्र त्यांनी सगळी खोली हौसेनं दाखवली. पोती भिंतीपासून हातभर अंतर राखून, लाकडी फळ्यांवर रचलेली. आधी आलेलं पोतं पुढं, नवं मागं. "ह्येला उजेड सोसत न्हाय, त्येला उकाडा सोसत न्हाय, आन् ह्येचं त्येच्याशी पटत न्हाय. जावा-जावांचं घर हाय हे. मी सासू!"

इतकी काळजी कशासाठी, असं मी एकदा चहा पिताना विचारलं. आक्का पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. त्यांच्या लहानपणी घरची एक म्हैस गाभणच राहायची नाही. आई आपल्या पोटाला चिमटा घेऊन तिला चांगलं खाद्य आणायची. "पोत्यावर समदं छापलेलं असायचं की. पर कुठंतरी उनात पडून आतलं जीवनसत्त्व कवाच मेलेलं. ते मेलेलं दिसत न्हाय, वास मारत न्हाय. आई मातूर स्वतःलाच बोल लावायची, माझंच कायतरी चुकतंय म्हणून." मग चटकन कप ठेवून त्या उठल्या आणि कुणावर तरी ओरडायला गेल्या.

सर्जेराव नावाचा आमचा एक हमाल होता. मोठा पैलवान गडी, मिशांना पीळ. मास्क लावला की मिशी दबते म्हणून तो मास्क गळ्यात अडकवून ठेवायचा. एके दिवशी नायसिनचं, म्हणजे बी गटातल्या एका जीवनसत्त्वाचं पोतं त्याच्या खांद्यावरच फाटलं आणि पांढरी धूळ तोंडावर आली. थोड्या वेळानं त्याचं तोंड, कान, मान सगळं लालबुंद झालं. अंगाची आग आग व्हायला लागली. तो खाली बसला आणि म्हणाला, "मी चाललो. माझ्या आईला बलवा." लोक धावले. कुणी कांदा आणला, कुणी देवाचं नाव घेतलं.

आक्कांनी आधी सगळ्यांना मागं हटवलं. त्याला मोकळ्या हवेत नेलं, तोंड आणि हात पाण्यानं धुतले, धुळीचा शर्ट काढायला लावला आणि एकीकडे डॉक्टरांना फोन लावला. दवाखान्यात नेताना गाडीत त्याचा हात धरून त्याच बसल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि हे थोड्या वेळात आपोआप ओसरेल म्हणून सांगितलं. तसं ते ओसरलंही. डॉक्टर बाहेर गेल्यावर आक्कांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "नव्या नवरीगत लाजलास की रं! आन् आईला कशाला बलवायचं हुतं, दृष्ट काढाय?" सर्जेराव हसला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्कांनी मास्क त्याच्या हातात दिला. "मिशी दबली तर परत पिळता येती. फुप्फुस पिळायला येत न्हाय, लेकरा." त्या दिवसापासून सर्जेरावच इतरांच्या गळ्यातले मास्क वर ओढत फिरू लागला.

पण आक्कांची खरी कसोटी लागली ती आबासाहेबांच्या मुलीच्या लग्नात. दिवस मे महिन्याचे, ऊन नुसतं भाजून काढणारं. लाडू आणि पेढ्यांच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो थेट कारखान्यात आला. कारखान्यात थंडगार जागा एकच. आबासाहेब स्वतः पुढं आले.

"आक्का, लग्नापर्यंत खोकी ठेवायची हायत आत. उघडा."

"न्हाय जमायचं, साहेब."

"अहो, जीवनसत्त्वंच हायत की तुमची! काय विष न्हाय!"

"गुरांच्या टनभर खाद्यात मिसळायचं हाय ते. तसलं कडक माणसाच्या पोटात गेलं तर औषध ऱ्हात न्हाय. काल एक पोतं फाटलंय, धूळ अजून फळ्यांवर हाय. वऱ्हाडाला लाडवासंगं काय काय वाढायचं?"

सगळे कामगार जमले होते. पाहुणेही होते. आबासाहेबांचा चेहरा उतरला, मग तापला. "कारखाना माझा हाय, आक्का."

"हाय की. म्हणून तर तुमचं नाव राखतोय." आक्कांनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या पुढं धरली. "घ्या. उघडा तुमी. पर मग उद्यापास्नं ह्या खोलीत मी न्हाय."

आक्कांच्या मुलाचं शिक्षण तेव्हा चालू होतं आणि घर त्यांच्याच पगारावर होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आबासाहेबांनी किल्लीकडं पाहिलं, लाडवांकडं पाहिलं. "मग कुठं न्यायची ही खोकी? माझ्या डोक्यावर?"

"माझ्या घरी," आक्का म्हणाल्या. "सासूबाईंच्या खोलीत एसी हाय. त्या झोपतील बाहेरच्या सोप्यात."

आणि खरोखरच टेम्पो आक्कांच्या घरी गेला. सासूबाईंना कुणी विचारलंही नव्हतं. पण त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या, आणि राखणीचा मेहनताना म्हणून पेढ्यांचं एक खोकं त्यांनी स्वतःच मंजूर करून घेतलं. आबासाहेब मात्र लग्नापर्यंत आक्कांशी बोलले नाहीत. आक्काही आपणहून बोलल्या नाहीत. डबा मात्र त्या दिवसांत अर्धाच खाऊन बंद करायच्या.

लग्नाच्या दिवशी आक्का मांडवात मागच्या रांगेत बसल्या होत्या. आबासाहेब व्याह्यांना घेऊन थेट तिथं आले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. आबासाहेब म्हणाले, "ह्या आमच्या आक्का. माझ्या कारखान्यात मला न्हाय म्हणणारं एवढं एकच माणूस हाय." मग जरा थांबून म्हणाले, "त्येच्यामुळं रात्री झोप लागती मला." आक्कांनी उठून व्याह्यांना नमस्कार केला आणि शेजारची खुर्ची आबासाहेबांपुढं सरकवली.

गेल्या वर्षी आक्का निवृत्त झाल्या आणि राधानगरीकडं आपल्या गावी राहायला गेल्या. परवा मी आणि माझी बायको त्यांना भेटायला गेलो, तर घराला कडी. शेजारच्या कमलच्या गोठ्यातून आवाज आला, त्या दिशेनं गेलो. कमलनं गुरांच्या व्हिटॅमिनची बाटली आणि तणनाशकाचा कॅन खिडकीत शेजारी शेजारी, भर उन्हात ठेवलेले आक्कांनी पाहिले होते. तणनाशकाची रवानगी शेतातल्या खोलीत, कुलपात झाली होती. बाटलीसाठी सावलीत नवीन फळी बसवायचं काम चाललं होतं.

"आक्का आल्या की आधी खिडकीत बघत्यात, मग माणसांकडं," कमल हसत तक्रार करत होती.

"माणसाला काय झालं तर माणूस बोंबलतंय की. बाटली बोंबलती व्हय?"

कमलचा नवरा खिळे ठोकत होता. आक्कांनी दोन्ही हातांनी फळी डोक्यावर उचलून धरली होती. "जरा वर ठोक. अजून वर! पोरांचा हात पोचाय नगो." त्यांनी मान वळवून आमच्याकडं पाहिलं. डोळे हसले, पण फळी काही सोडली नाही.

"बसा पावणं, कमल च्या करती. मला अजून वेळ हाय."