पाण्यावरची साय

सेतुराव प्रयोगाच्या बशीजवळ येण्याआधी चपला दाराबाहेर काढत, कपाळावरचा अंगारा ओल्या रुमालानं पुसत आणि मग पंखा बंद करत. मद्रासच्या मे महिन्यात पंखा बंद करणाऱ्या माणसाविषयी काय वाटतं, ते तिथं राहिलेल्यांनाच कळेल. मी साताऱ्याहून पीएच.डी.साठी आलेली. पहिल्याच दिवशी न विचारता पंखा लावला. ते उठले, बंद करून परत स्टुलावर बसले. "बाई, पाण्यास वारा सोसत नाहीं," एवढंच म्हणाले.

ते आमचे लॅब असिस्टंट. मूळ तंजावरकडचे, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखी आणि सूर मात्र तमिळ. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. त्या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

आमचं काम सांगायला सोपं. काचेच्या उथळ बशीत कॅडमियमच्या क्षाराचं पाणी घ्यायचं, वर मेदाम्लाचा एक थेंब पसरायचा, काचेचं झाकण घालून आत सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू हळूहळू सोडायचा. मग हवा आणि पाणी जिथं भेटतात तिथं अर्धवाहकाचे डोळ्याला न दिसणारे कण जमत जातात आणि दुधावर साय धरावी तसा पिवळसर पापुद्रा धरतो. तो अखंड काचपट्टीवर उचलायचा. अखंड आला तर प्रबंध, फाटला तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वर्षापर्यंत मला त्या बशीचं तोंड बघू नये असं झालं होतं.

उचलायचं काम सेतुरावांचं. घरी नळाला एक दिवसाआड पाणी, तिथं दोन घागरींत भागवणारा हा माणूस इथं बशी सात वेळा धूत असे. मी कंटाळून उसासा टाकला की म्हणत, "धुणं हेंच काम, बाई. साय आपली आपण धरते." आणि काही बिघडलं की, "पाणी खोटं बोलत नाहीं. जें पडलं तें दाखवतें."

आमच्या खंडेनवमीला तिकडे आयुधपूजा. त्या दिवशी मद्रासमध्ये रिक्षापासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना गंध लागतं. आमच्या लॅबमध्येही तराजूला, पंपाला लागलं. बशीला मात्र सेतुरावांनी हात लावू दिला नाही. टेबलाच्या पायाला गंध लावलं आणि आरती बाहेर व्हरांड्यात करायला लावली. चुरमुरे-डाळ्यांची प्रसादाची पुडी मला मिळाली. दुपारी भूक नव्हती, म्हणून मी ती बशीखालच्या खणात सारली आणि विसरले.

त्यानंतर एकही साय अखंड आली नाही. दोन महिने. सेतुराव आठ वेळा धुऊ लागले, नऊ वेळा. काचपट्टी पाण्यात उतरवताना त्यांची बोटं थरथरतात हे मला तेव्हाच दिसलं. एक दिवस माझ्या मार्गदर्शक सरांनी मला बोलावून विचारलं, काय अडतंय? फेलोशिपचे चार महिने उरले होते. मी म्हटलं, "सेतुरावांचा हात हलतो, सर." दुसऱ्या दिवशी सेतुरावांची बदली भांडारात झाली. आपला ओला रुमाल ते बशीजवळ घडी करून ठेवून गेले.

साय तरीही फाटतच राहिली. मग गॅसचा सिलिंडर संपला, आठवडाभर खोलीला तो कुजका वास नव्हता, आणि एका सकाळी दार उघडताच कापराचा वास आला. खणातल्या पुडीत, डाळ्यांच्या तळाशी, आरतीतल्या उरलेल्या कापराच्या वड्या होत्या. कापूर नुसता हवेतून उडून पाण्यावर बसतो आणि वरचा थर मोडतो. पुडी काढून खण धुतला, आणि नवा सिलिंडर आल्यावर पहिल्याच दिवशी साय अखंड आली. मी उचलली. कोपरा दुमडला, पण चालण्यासारखी होती.

पुडी घेऊन मी भांडारात गेले. सगळं सांगितलं. त्यांनी पुडी नाकाशी नेली.

"दोन महिने नाकाखालीं होता. सरि," ते म्हणाले, तमिळमध्ये 'असू दे' म्हणतात तसं.

"मी सरांना सांगते. तुम्ही परत या."

"हात हलतो तें खरंच कीं, बाई. तुम्हीं खोटं नाहीं सांगितलं." मग त्यांनी एका बाटलीवरची सुटलेली चिठ्ठी दाबून बसवली. "पण साय मी फाडली नव्हती. एवढंच सरांस कळलं तर बरं."

मी हो म्हटलं. उद्या सांगू, प्रकरण लिहून झालं की सांगू, असं करता करता प्रबंध बांधून आला. माझी चूक कबूल केली तर सर सही लांबवतील, ही भीती होती. दुसरं कारण नव्हतं.

एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले. सर भाषणात म्हणाले, हात थकेपर्यंत या माणसानं काम केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. खांद्यावरची शाल सावरत सेतुराव माझ्याकडे आले. सर माझ्या शेजारीच उभे होते.

"बाई," त्यांनी सावकाश विचारलं, "खण धुतलांत का?"

"धुतला," मी म्हटलं. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं. कापराचं नाव मी सरांसमोर काढलं नाही.