हव्वेचं पहिलं मूल

पहिल्या खेपेला माझ्या पायांवर सूज चढली, म्हणून घरच्यांनी मला दिवस भरण्याआधीच जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती. आम्ही गावातल्या मस्तगड भागातली मारवाडी माणसं; पण माझी शाळा मराठी झाली होती आणि वाचायचं वेड होतं.

शेजारच्या खाटेवर अंबडकडची एक शेतकरीण होती. तिची आधीची दोन्ही बाळं जन्मताच गेलेली. सासू बाजारच्या दिवशी भाकरी बांधून आणायची आणि उठताना म्हणायची, "कायतरी पाप असंल. त्याबिगर असं व्हत न्हाई." मग ती पोर संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायची.

तिचं मन रमावं म्हणून वॉर्डातल्या कपाटातली एक मराठी कादंबरी मी दुपारी मोठ्यानं वाचू लागले. ख्रिस्ती लोकांच्या पुराणातल्या पहिल्या बाईची, हव्वेची गोष्ट. लेखकानं तिच्या केसांवर पानंच्या पानं खर्ची घातली होती. तिच्या मनात मात्र देवानं मना केलेल्या फळाच्या हावेपलीकडे काही ठेवलं नव्हतं. नवरा तेवढा शहाणा आणि भोळा. सापानं हव्वेला भुलवलं, हव्वेनं नवऱ्याला, आणि देवानं शाप देऊन दोघांना बागेतून हाकललं.

शेतकरीण कुशीवर वळली. "शेठाणीबाई, त्याला न्हाई म्हणायला तोंड न्हवतं का? हातात दिलं आन् खाल्लं?"

पोटाला हात लावून मी हसले. तीही हसली, पहिल्यांदाच.

शेवटच्या प्रकरणाशी मात्र माझी जीभ अडखळली. शाप पुरा व्हावा म्हणून लेखकानं हव्वेचं पहिलं मूल मेलेलं जन्माला घातलं होतं.

"मंग? म्या ऐकून राह्यले ना."

पानावर नजर ठेवून मी मनचंच सांगू लागले. झाडाखाली हव्वेला कळा आल्या, नवऱ्यानं पाणी आणून दिलं, मूल झालं आणि मोठ्यानं रडलं. पुस्तक मिटून वर पाहिलं, तर दाराशी थोरल्या नर्सबाई उभ्या. त्या ख्रिस्ती. यांच्या धर्माच्या गोष्टीत मी ढवळाढवळ केली होती.

शेतकरणीचा डोळा लागल्यावर त्या माझ्या खाटेशी आल्या. हळूच म्हणाल्या, "मी वाचलीय ती कादंबरी. शेवट असा नाही."

"तिच्यासमोर वाचवेना, बाई."

"मग ऐका. आमच्या शास्त्रात हव्वेचं पहिलं मूल जगतं. देवाच्या मदतीनं मिळालं, असं ती स्वतः म्हणते. मेलेलं मूल त्या लेखकाच्या डोक्यातलं. तुम्ही बरोबर सांगितलंत."

मी उशीवर डोकं टेकलं. किती हलकं वाटलं!

पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळीच शेतकरणीला कळा सुरू झाल्या. सासू आली तेव्हा तिला आत नेलेलं होतं. म्हातारी दाराशी उभी राहिली. भाकरीचं गाठोडं खाली ठेवायचंही तिला सुचेना. उन्हं चढली. आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, मग चांगला खणखणीत.

नर्सबाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत."

म्हातारी मटकन फरशीवर बसली. "रडली ना? म्या ऐकलं. रडली ना ती?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि पदरानं डोळे पुसत होती. मी सुजल्या पायांनी उठून तिच्याजवळ जाऊन बसले आणि दर वेळी म्हणाले, "हो आजी, रडली."