साहेबांची मोजणी

आमचे डॉक्टरसाहेब माणसं मोजायचे. जेवायला बसताना मोजायचे, गाडी सुरू करायच्या आधी मोजायचे, दाराला कडी घालताना मोजायचे. उजव्या हाताचं बोट हवेत टोचत टोचत, ओठ न हलवता. नव्या माणसाला वाटायचं, हे काय चाललंय. मला नाही वाटायचं. ती सवय कुठून आली ते मीच जवळून पाहिलं होतं की.

राजारामपुरीत खाली त्यांचं ऑपरेशनचं हॉस्पिटल आणि वर घर. मी तिथं झाडलोटीला लागले तेव्हा माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण बघत बघत शिकले आणि पुढं वीस वर्षं ऑपरेशनच्या थेटरातली मोजणी माझ्याकडं होती. पोट उघडलं की रक्त टिपायला आत कापडाच्या घड्या ठेवतात, त्यांना मॉप म्हणतात. आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. शेवटचे टाके घालायच्या आधी साहेब मान वर न करता विचारायचे, "मावशी, मोजणी?" मी म्हणायचे, "बरोबर." मगच सुई हातात. पहिल्या दिवशीच त्यांनी मला बजावलं होतं, "चुकलं तर चुकलं म्हणा, मी रागावणार नाही. पण मोजणीत खोटं बोललात तर कुणाचातरी माणूस जाईल."

एकदा खरंच एक मॉप कमी आला. मी पुन्हा मोजले आणि सांगितलं, "एक कमी, साहेब." साहेब हातमोजे घातलेले दोन्ही हात छातीशी जुळवून उभे राहिले. म्हणाले, "मी थांबतो. शोधा तुम्ही." आम्ही बादल्या उपसल्या, चादरी झटकल्या. मदतीला आलेले तरुण डॉक्टर कावले, "सर, आत नाहीये. मी दोनदा हात फिरवला." साहेब म्हणाले, "मग बाहेर असेल. मी थांबलोय." वीस मिनिटांनी सापडला कुठं, तर त्या तरुण डॉक्टरांच्याच चपलेच्या तळाला चिकटलेला. ते शरमेनं लाल झाले. साहेबांनी एवढंच विचारलं, "मावशी, मोजणी?"

उभं राहून राहून त्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. शेवटी त्यांनी चाकू खाली ठेवला आणि हॉस्पिटल दुसऱ्या डॉक्टरांना दिलं. मी तिथंच कामाला राहिले, पण चारचा चहा मात्र वर, साहेबांच्या घरी. आणि तिथं बघते तर काय, मॉप गेले आणि घरची माणसं मोजणीला लागली.

घरात पाच जण. साहेब, वहिनी, थोरली उमा, धाकटा बसू आणि साहेबांच्या आई. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. अव्वा निपाणीकडच्या, व्यापारी घरातल्या, आवाज असा की हाक मारली तर चौकातला रिक्षावाला ब्रेक मारायचा.

पन्हाळ्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे. सगळे फिरायला गेले होते, मीही होते. परतताना साहेबांनी बोट टोचून मोजलं, "झालं, चला," म्हणून गाडी काढली. वाघबीळ ओलांडलं तेव्हा बसू म्हणाला, "पप्पा, मम्मी कुठाय?" वहिनी वर कणीस भाजून घेत उभ्या होत्या, त्या तिथंच राहिलेल्या. गाडी मागं फिरवली, वर शोधलं, नाहीत. घरी येऊन बघतो तर वहिनी वडापच्या, सीट भरून चालणाऱ्या जीपनं आमच्या आधी पोचून भात लावत होत्या. म्हणाल्या, "वीस वर्षं लोकांच्या पोटातलं मोजलंत, आणि बायको विसरलात?" साहेब खाली मान घालून म्हणाले, "तुला मी वेगळी मोजतच नाही गं. माझा एक म्हणजे आपण दोघं." वहिनींनी त्यांच्याकडं पाठ केली ती हसू लपवायला. त्या दिवसापासून साहेब वहिनींना दोनदा मोजायचे.

मग उमानं लग्न केलं. मुलगा शाहूवाडीकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला, तिथल्याच हायस्कुलात मास्तर. गुणी होता, पण जात वेगळी. अव्वांनी एकच सांगितलं, "ती ह्या घरात आली की मी निपाणीला भावाकडं. परत यायची न्हाय." साहेब मला चहाच्या वेळी म्हणाले, "मावशी, उमा आली तर आई जाणार. म्हणजे मोजणी कमी ती कमीच." आईला दुखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण रोज जेवायला बसताना ते मोजायचे आणि म्हणायचे, "एक कमी."

अव्वा खवळायच्या. "गेलेली माणसं कशाला मोजतोस रं?"

"गेलेली न्हाय अव्वा. शाहूवाडीत हाय." आईशी ते असंच बोलायचे.

चार वर्षं हे चाललं. आणि मग बसूचं लग्न ठरलं.

उमाचा मला निरोप आला, भावाला मुंडावळ्यांत लांबून तरी बघू दे. माझी खोली लग्नाच्या हॉलच्या मागच्या गल्लीत. मास्तर, उमा आणि कडेवरची दोन वर्षांची पोर, तिघं सकाळच्या एसटीनं आले आणि माझ्याकडं उतरले. खिडकीतून वरात बघून परत जायचं ठरलं होतं. मी कुणाला बोलले नाही. साहेबांनाही नाही.

अक्षता पडल्या. फोटोवाल्यानं घरच्यांना स्टेजवर उभं केलं. खाली पंगत खोळंबलेली, मुलीकडचे वडीलधारे घड्याळाकडं बघतायत. फोटोवाला म्हणाला, "स्माईल." तेवढ्यात साहेबांचं बोट वर गेलं. टोचत टोचत मोजलं, थांबले, आणि एवढ्या माणसांतून मला हाक मारली, "मावशी, मोजणी?"

वीस वर्षांची जीभ ती. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक कमी, साहेब."

"मग मी थांबतो," ते म्हणाले, आणि हात छातीशी जुळवून उभे राहिले. तसेच, थेटरातल्यासारखे.

हॉलमध्ये कुजबुज उठली. व्याही वर आले, "डॉक्टर, जेवणं गार होत्यात." साहेब म्हणाले, "तुम्ही बसा, पावणं. मी थांबलोय." पण वरबाप उभा असताना बसतंय कोण? पाच मिनिटं झाली, दहा झाली. वहिनी पदराची गाठ मारत नि सोडत होत्या. मी अव्वांकडं बघत होते आणि अव्वा लेकाच्या पायांकडं. धोतराखाली त्या शिरा टरारल्या होत्या, साहेब या पायावरून त्या पायावर भार टाकत होते.

अव्वा खुर्चीतूनच ओरडल्या, "बस की रं जरा."

"मोजणी जुळू दे, अव्वा."

अव्वांनी डोळे मिटले. मग माझ्याकडं वळल्या, माझ्या तोंडावरूनच त्यांनी ओळखलं असणार. "शारदे, कुठं हाय ती?"

"माझ्या खोलीत. दहा मिनिटांत आणते."

"दहा कशाला? पाचात आण. त्याचं पाय फुटत्याल."

चप्पल घालायचं भान कुणाला होतं. साठीच्या उंबरठ्यावर होते, पण त्या गल्लीतून अशी पळाले की कुत्री बाजूला झाली. उमा रडत, हसत, पोरीला कवटाळत आली. मास्तर दारातच घुटमळले. अव्वांचा आवाज घुमला, "पावणं, दार अडवून का हुबं? वर या की." चार वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात मिटलं. पोर सरळ अव्वांच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांची बोरमाळ ओढायला लागली.

"मावशी, मोजणी?"

"दोन जास्त, साहेब."

साहेबांनी हात सोडले. "जास्त चालतात," म्हणाले, आणि त्या फोटोत ते जे हसलेत, तसं मी त्यांना आयुष्यात हसताना पाहिलं नाही. त्या दिवसापासून जेवायला बसताना त्यांचं बोट माझ्याकडंही वळायला लागलं.

पुढची आठ वर्षं ती मोजणी वाढतच गेली. मग एका दुपारी वामकुक्षीला म्हणून साहेब आडवे झाले आणि उठलेच नाहीत. अव्वा तेव्हा नव्वदीच्या. लेकाला माती देऊन आलेली ती बाई रडली नाही.

सगळे विधी आटोपल्यावर आम्ही घरचे पहिल्यांदा एकत्र जेवायला बसलो. ताटं वाढली, पण हात कुणाचाच जाईना. मोजल्याशिवाय जेवायची सवयच नव्हती आम्हाला. मग अव्वांचं बोट वर आलं. वहिनी, बसू, सूनबाई, उमा, मास्तर, पोरं, मी. बोट परत फिरलं. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यांनी हात छातीशी जुळवले आणि थांबल्या. आम्हीही थांबलो. भातावरची वाफ गेली.

कितीतरी वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "शारदे, तू सांग. मोजणी?"

उमाची पोर भुकेली होती, ताटाकडं बघत होती.

"बरोबर, अव्वा," मी म्हटलं. मोजणीत मी तेवढं एकदाच खोटं बोलले. अव्वांनी मान हलवली आणि पहिला घास उचलला.