कॅमेऱ्यामागे सुखरूप

आमच्या ह्यांचं वर्णन मी जरा बारकाईनं करणार आहे, कारण ह्यांचा एकही फोटो घरात नाही. आणि हे धंद्यानं फोटोग्राफर. उपनगरात एकाच साच्यातली चाळीस घरं. चाळीसही घरांच्या भिंतींवर ह्यांनी काढलेले फोटो. तर, नाक सरळ, टक्कल पुढून सुरू झालेलं. हे आत्ता माझ्या मागे उभे राहून वाचताहेत. "टक्कल खोड," म्हणतात. खोडणार नाही.

दुकानातलं निम्मं काम गेलेल्या माणसांचं. सहलीच्या घोळक्यातून तेवढा एक चेहरा उचलायचा, मोठा करायचा, काळ्या फ्रेममध्ये बसवायचा. तीस वर्षं हे करून ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, की फोटो काढला की माणूस फ्रेमच्या वाटेला लागतो. म्हणून घरच्या फोटोंत मी, लेक, जावई; आणि हे कॅमेऱ्यामागे.

"उद्या काही झालं तर भिंतीवर काय लावू, कॅमेऱ्याची पिशवी?" मी विचारायची. हे पेपरात तोंड खुपसायचे.

गेल्या महिन्यात एका बाईंनी जुनी निगेटिव्ह आणली. "डावीकडून तिसरे, आमचे थोरले दीर. गेले." ह्यांनी निगेटिव्ह उलटी लावली. डावं ते उजवं झालं, आणि काळ्या फ्रेममध्ये बसले बाईंचे धडधाकट यजमान. फोटो न्यायलाही नेमके तेच आले. ह्यांना दरदरून घाम फुटला. ते गृहस्थ मात्र फोटो लांब धरून बघत राहिले. "झकास आलाय. राहू द्या, कधीतरी लागेलच. दादाचा उद्या नेतो," म्हणाले आणि फ्रेम काखोटीला मारून शीळ घालत गेले.

त्या रविवारी हे आपणहून अंगणात खुर्ची टाकून बसले. इस्त्रीचा शर्ट, मान ताठ. कॅमेरा माझ्या हातात दिला.

"काढ. एकदाच."

ह्याचसाठी मी इतकी वर्षं ह्यांचं डोकं खाल्लं होतं. डोळा लावला. त्या चौकोनात हे अगदी एकटे दिसले, आणि माझं बोट हलेना. ह्यांच्या भीतीला मी हसत आले, कारण ती ह्यांची होती. आता ती माझीही झाली.

"अगं, दाब ना. मान अवघडली."

"दाबते हो. आधी कॉलर नीट करा."

कॉलर नीटच होती.