टाकीचं विरजण

सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात तिला सगळे दुर्बीणमावशी म्हणायचे. तिचा डोळा असायचा सूक्ष्मदर्शकाला, दुर्बिणीला नव्हे. पण नाव पडलं ते पडलं. एकवीस वर्षं रोज सकाळी मोठ्या टाकीतला एक थेंब काचेवर घ्यायचा आणि आत कोण कोण जेवतंय ते वहीत लिहायचं, हे तिचं काम. गावाची घाण जंतू खात, जंतूंना देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे इवले जीव गिळत, मावशी त्यांना नुसत्या घंटाच म्हणे, घंटांवर बारीक किडे ताव मारत. एवढी जेवणं उरकली की स्वच्छ पाणी ओढ्यात जाई. त्यातून वाहून आलेल्या किड्यांवर मासे पोसत आणि माशांसाठी ओढ्याच्या तोंडाशी बगळे उभे राहत.

एका सोमवारी घंटा दिसल्या नाहीत. भिंग मळलं असेल म्हणून मावशीने ते पुसलं. मंगळवारीही पुसलं, वर स्वतःचा चष्माही पुसला. बुधवारी ओढ्यात गढूळ पाणी गेलं, बगळे दिसेनासे झाले, तेव्हा तिला उमगलं. कुणीतरी गटारात जहाल काहीतरी ओतलं होतं आणि ही बाई दोन दिवस भिंग पुसत बसली होती. स्वतःचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

नव्या साहेबांनी हुकूम सोडला: पावडर टाकून उरलेसुरले जंतू मारा, टाकी धुवा, नव्याने सुरू करू. नव्याने म्हणजे दोन महिने, आणि तोवर सगळी घाण थेट ओढ्यात.

"जंतू मेले तर घंटा काय खाणार? मग पुढचे सगळेच उपाशी," मावशी म्हणाली. "नुसतं पातेलं घासून दही लागत नाही, साहेब. विरजण लागतं. मी आणते."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून रविवारी सकाळी नऊपर्यंतची मुदत दिली.

शेजारच्या गावच्या केंद्रातून तिने नवऱ्याच्या टेम्पोत जिवंत गाळाची पिंपं आणली. एक नाही, दोन नाही, सहा खेपा. नवरा नाकाला रुमाल बांधून म्हणाला, "विरजण म्हणालीस, मला वाटलं दही मिळेल." एरवी ती हसली असती. गुरुवारी काचेवर एकही घंटा नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. सोबतचे लोक समजूत घालू लागले. तिने कानाडोळा केला आणि टाकीत जंतूंसाठी हवा सोडणाऱ्या पंपापाशी ठाण मांडलं.

रविवारी पावडरीची पोती टाकीच्या कठड्याशी येऊन पडली. पावणेनऊला तिने थेंब घेतला, बराच वेळ पाहिला आणि साहेबांना खुर्ची दिली.

साहेबांनी एक डोळा मिटून पाहिलं. "भिंगाला काहीतरी चिकटलंय," म्हणत त्यांनी रुमाल काढला.

मावशीने त्यांचा हात धरला.

"पुसू नका, साहेब. ती जेवतेय."